बेडकांचा पैरा

गुणाबाईचं नाव काढलं की आमच्या गावातले लोक आधी हसतात आणि मग इकडंतिकडं बघतात. हसतात तिच्या बोलण्याला, आणि बघतात ते तिचा दीर सिद्राम जवळपास आहे का म्हणून. मला मात्र हसू येत नाही. ज्या साली ती शेताला मुकणार होती, त्या साली मी हातात बुट्टी घेऊन तिच्या भातात उभी होते.

मी मूळची बोरगावची, निपाणीकडच्या तंबाखूच्या मुलखातली. ऐंशी साली लग्न होऊन ह्या गावात आले. बेळगावचं शहापूर ओलांडून खानापूरच्या अंगाला निघालं की भाताची सखल शिवारं लागतात, त्यातलंच एक आमचं. मला भात माहीत होता तो ताटातला. पहिल्या लावणीला मी रोपांची पेंडी दोन्ही हातांत धरून अशी काही उभी राहिले की सासू अक्काताई म्हणाली, "हार घालायचा न्हाय गं जया, चिखलात खोच ते." सगळ्या बाया हसल्या. गुणाबाई तेवढी हसली नाही. ती माझ्याजवळ आली, माझा अंगठा धरून रोपाच्या मुळाशी कसा दाबायचा ते दाखवलं आणि आपल्या ओळीत परत गेली.

तिथंच मला पैरा कळला. आमच्याकडं लावणीला मजुरी देत नाहीत. आज आम्ही तुमच्या शेतात राबायचं, उद्या तुम्ही आमच्या. कुणाचा पैरा कुणावर आहे हे लिहून ठेवायची पद्धत नाही, पण विसरत कुणी नाही. भावाभावात कोर्टकचेरी चालू असेल, तोंड बघणं बंद असेल, तरी पैरा आला की माणूस खाली मान घालून शेतात उतरतो. पैरा बुडवला असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याच्या घरात सोयरीक करायला लोक बिचकतात.

गुणाबाई तेव्हा चाळिशीच्या पुढची असेल. उंच, काटक, आवाज असा की वरच्या आळीत बोलली तर खालच्या आळीत कळावं. नवरा भीमाप्पा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. तिच्या वाट्याला होतं ते तळीचं शेत. गावच्या शिवाराच्या अगदी मध्याला, सगळ्यात सखल, आणि त्याच्या कडेला बारमाही ओल धरणारी एक तळी. हे शेत तिचं होतं आणि नव्हतंही. सासरे आप्पा मरताना पाच माणसांसमोर सांगून गेले होते: गुणाची भाताची कणगी भरते तोवर शेत गुणानं करावं, ज्या साली कणगी भरणार नाही, त्या साली ते धाकट्या सिद्रामनं घ्यावं आणि तिला पोटापुरतं घालावं. म्हाताऱ्याला वाटलं, दोघांची सोय लावली. प्रत्यक्षात त्यानं दिराला दरसाल भावजयीच्या कणगीत डोकावायला शिकवलं. सुगी झाली की सिद्राम सहज आल्यासारखा तिच्या दारात यायचा, कणगीवर हात ठेवायचा, "भरली की वैनी," म्हणायचा आणि चहा न घेता जायचा. दिराच्या सोप्यात बसून वाढतील ते खायचं, ह्या एकाच गोष्टीला ती भीत होती. मला एकदा म्हणाली, "मरण परवडलं, पर नागुबाईच्या हातनं मोजून आलेली भाकरी नगो." नागुबाई म्हणजे सिद्रामची बायको. ती वाईट नव्हती. पण मोजून वाढायची, हे खरं.

त्या तळीत बेडूक होते. मोठे, हिरवट पाठीचे, मिरगानंतर नर पिवळेधमक व्हायचे आणि असे ओरडायचे की आमच्या घरात बोललेलं ऐकू येत नसे. मला सुरुवातीला झोप यायची नाही. गुणाबाईला त्या आवाजाशिवाय यायची नाही. संध्याकाळी ती बांधावरून चक्कर मारायची आणि तिच्या पावलाबरोबर पुढं पुढं बेडूक पाण्यात उड्या टाकायचे. "माझी गडीमाणसं," ती म्हणायची. भाताचा किडा, बांध पोखरणारे बारके खेकडे, सगळं ती गडीमाणसं फस्त करतात, असं तिचं म्हणणं. लोकांना ती गंमत वाटायची. किडा पडून भात गेलं, असं गावात कुणी ऐकलंच नव्हतं, त्यामुळं ते का पडत नाही ह्याचा विचार करायची कुणाला गरज नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात मष्णू नावाचा माणूस सायकलवरून आला. बेळगावात कुठंतरी बर्फाच्या खोलीत माल ठेवून तो गोव्याच्या एका कंपनीला पाठवायचा. माल म्हणजे बेडकांच्या तंगड्या. तिथून त्या जहाजानं परदेशी जातात, तिकडचे लोक हॉटेलात बसून खातात, असं त्यानं सांगितल्यावर अक्काताईनं पदर तोंडाला लावला. पण पैसे रोख होते. त्या साली वरच्या शिवारातल्या पोरांनी गॅसबत्त्या घेऊन पोती भरभरून बेडूक धरले. तंगड्या कापून उरलेली धडं ओढ्याच्या काठाला टाकलेली असायची. त्यातली काही हलत असायची. मी ती वाट बदलली.

पुढच्या साली मष्णू पोरांकडं गेलाच नाही, तो पंचांकडं गेला. सगळ्या शिवारातल्या बेडकांचा एकदम सवाल, म्हणजे लिलाव करा, म्हणाला. लक्ष्मीच्या देवळापुढं पत्र्याचा मांडव घालायचा गावाचा बेत किती तरी वर्षं अडला होता. तेवढी रक्कम तो एकट्या बेडकांवर द्यायला तयार होता. गावानं टोप्या वर फेकायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. पण त्याची एक अट होती.

बैठक देवळाच्या पायरीपाशी बसली. आम्ही बायका खांबामागं. मष्णू म्हणाला, "तळीसकट शिवार मिळालं तर सवाल. तळी न्हाय तर म्या दुसरं गाव बघतो. निम्मा माल तिथंच हाय."

सगळ्यांची तोंडं गुणाबाईकडं वळली. सिद्राम पंचात होता. त्यानं गोड आवाजात विचारलं, "वैनी, तुझ्या तळीतल्या बेडकांची काय किंमत असंल ती सांग. तुला येगळी देतो."

"मला रुपयात सांगाय येत न्हाय," गुणाबाई म्हणाली.

"मग काय शेरात सांगतीस?"

लोक हसले. ती थांबली, हसणं संपू दिलं. मग म्हणाली, "पैऱ्यात सांगते. मी त्यास्नी पानी देते, बांध देते. ती माझं पीक राखत्यात. असा आमचा पैरा हाय. तुमी गडीमाणसं न्हेणार असशीला तर त्यांच्या जागंवर कोण राबणार ते बोला. ज्या दिशी माझ्या भातात किडा पडंल, त्या दिशी गावानं येऊन येचायचा. तळीत परत बेडूक वरडंपत्तोर दरसाल."

ह्यावर इतकं हसू झालं की देवळातली घंटा कुणी वाजवली असती तरी कळलं नसतं. बेडकांच्या जागी गावकरी किडे वेचताहेत, हे चित्र एकेकजण दुसऱ्याला रंगवून सांगू लागला. गुणाबाई तशीच उभी. मला तिची लाज वाटली, खरं सांगते. वाटलं, सरळ नाही म्हणावं, नाहीतर पैसे घेऊन मोकळं व्हावं, हे काय भलतंच.

सिद्राम हसत नव्हता. तो हिशेबी माणूस. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते मी आज सांगू शकते: किडा कधी पडला नाही, पडणार नाही, म्हणजे शब्द द्यायला काही लागत नाही, आणि चुकून पडलाच तर हिची कणगी रिकामी राहील. दोन्हीकडून त्याचंच. तो उठला, देवीपुढच्या परातीतला भंडारा चिमटीत घेतला आणि कपाळाला लावला.

"बेडकांचा पैरा माझ्या घरावर," तो म्हणाला. "आनि गावावर. बोला रं."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या सासऱ्यांनीही. आमच्याकडं भंडारा उचलून बोललेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर घराला लागतो असं मानतात. पण त्या दिवशी तो भंडारा एखादा चहा पाजल्यासारखा सहज उचलला गेला. गुणाबाईनं हात जोडले आणि घरी गेली. तिनं वेगळी किंमत घेतली नाही.

त्यानंतर गॅसबत्त्या तळीवर आल्या. मष्णूची माणसं पट्टीची होती. आवाज रोज थोडा कमी होत गेला, आणि एका संध्याकाळी मला अंगणात बसून शेजारच्या घरातली भांडी घासल्याचं ऐकू आलं. आधी कधी ते ऐकू यायचं नाही. सकाळी गुणाबाईचे डोळे सुजलेले. "झोप लागत न्हाय गं," म्हणाली. "लई शांत हाय."

मांडव झाला. पत्रे चकाकले. श्रावणात त्याखाली भजन बसलं. भाद्रपदात बांध गळायला लागले, जिथं बघावं तिथं खेकड्यांची भोकं. गुणाबाईनं सिद्रामला निरोप पाठवला तेव्हा त्यानं दोन गडी पाठवले, आणि ते "डराँव डराँव" करत, चेष्टा करत भोकं बुजवून गेले. तोवर सगळं हसण्यावारी होतं.

दसऱ्याच्या सुमाराला लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. एका सकाळी गुणाबाई आमच्या दारात आली, माझा हात धरला आणि शेताकडं निघाली. मी तिच्याबरोबर गेले. तळीच्या शेताच्या एका कोपऱ्यात भाताच्या बुडाशी लोंब्या पडलेल्या होत्या, कुणी विळ्यानं छाटून टाकाव्यात तशा. ताटं उभी, वर काही नाही. तिनं एक रोप उपटून मूळ फाकवलं. आत करड्या, पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या अंग वळवून बसल्या होत्या. दिवसा ह्या चिखलाशी लपतात आणि सूर्य कलला की वर चढून लोंब्या कापतात. लष्करी अळी म्हणतात तिला, हे मला नंतर कळलं. एका शेतातलं संपलं की फौज निघावी तशी दुसऱ्यात जाते.

दुपारपर्यंत गावात पळापळ झाली. सगळ्यांच्या शेतात थोडीफार होतीच, पण सखल म्हणून तळीच्या शेतात सगळ्यात जास्त. माझा नवरा बेळगावात नोकरीला होता. त्याला निरोप धाडून औषधाची भुकटी आणायला सांगितली. आसपासच्या साऱ्या गावांनी दुकानं आधीच पालथी घातली होती. तो रिकाम्या हातानं आला. अळी हातानं वेचणं, एवढा एकच इलाज उरला.

त्या संध्याकाळी गुणाबाई सिद्रामच्या दारात उभी राहिली. मी तिच्या मागं होते.

"भावजी, पैरा मागाय आलेय," ती म्हणाली.

सिद्राम आपल्याच शेतावर निघाला होता. हातात बुट्टी, चेहरा काळवंडलेला. "वैनी, माझं सोताचं भात चाललंय. आज न्हाय जमत. उद्या बघू."

"भंडारा उचललाय."

"उद्या म्हनतोय न्हवं."

ती भांडली नाही. शेतात गेली आणि एकटी वेचत राहिली. मी घरी येऊन आमच्या बांधावर गेले, कारण आमचंही जात होतं. वेचता वेचता सारखं तिच्या शेताकडं लक्ष जायचं. एवढ्या मोठ्या शेतात एक बाई वाकलेली. सकाळी तिथं आदल्या दिवसापेक्षा मोठा पट्टा मोकळा झाला होता.

दुसऱ्या संध्याकाळी नागुबाई दारात आली. म्हणाली, हे बेळगावला गेलेत औषधाला. सिद्रामच्या चपला उंबऱ्याशीच होत्या. गुणाबाईनं त्या चपलांकडं बघितलं, नागुबाईनंही बघितलं, आणि दोघी एकमेकींकडं बघायचं टाळून उभ्या राहिल्या. मग गुणाबाई म्हणाली, "बरं." तेवढंच. तिचा तो मोठा आवाज त्या दिवशी माझ्यापर्यंतही नीट पोचला नाही.

मी घरी येऊन सासऱ्यांना म्हणाले, "तुम्ही मान हलवली होती."

"सगळ्यांनीच हलवली हुती," ते म्हणाले.

"मग सगळ्यांनीच जायला पाहिजे."

"आनि आपलं भात? देवी येऊन येचनार हाय का?" ते चिडले. मीही चिडले. सुनेनं एवढं बोलायचं नसतं, पण बोलले. खरा राग मला त्यांचा नव्हताच. मला कळून चुकलं होतं की गुणाबाईचं शेत गेलं तर सिद्राम जिंकणार, आणि त्यासाठी त्याला काहीही करावं लागणार नाही. नुसतं आपापलं भात राखणारं गाव पुरेसं आहे. आमच्यातला प्रत्येकजण त्याला मदत करत होता.

तिसऱ्या संध्याकाळी गुणाबाई कुणाच्या दारात गेली नाही. थेट शेतात उतरली. निम्म्याहून बरंच जास्त शेत अजून उभं होतं. ते गेलं असतं तर मग सुगीला खळ्यावर जायचीही गरज नव्हती. मी आमच्या बांधावरून बघत होते. ऊन उतरलं. ताटांवर अळ्या चढताना दिसायला लागल्या.

तेवढ्यात सिद्रामच्या शेतातून नागुबाई निघाली. नवऱ्याच्या देखत, आपलं भात तसंच टाकून, बुट्टी कमरेला लावून ती बांधाबांधानं तळीच्या शेताकडं चालायला लागली. सिद्रामनं हाक मारली, "नागू, कुठं चाललीस?"

ती थांबली नाही. मागं वळून म्हणाली ते मात्र सगळ्या शिवाराला ऐकू गेलं. "भंडारा तुमी उचललाय, पर नांदत्यात त्या घरात माझी पोरं. तुमी बसा."

माझ्या शेजारी अक्काताई वाकून वेचत होती. ती सरळ झाली, पाठीला हात लावला, सासऱ्यांकडं बघितलंसुद्धा नाही. "चल गं जया," म्हणाली. मग वरच्या बांधावरच्या दोघी निघाल्या, मग आणखी. बायका आधी, गडी मागून, माना खाली घालून, कुणी कुणाशी न बोलता. पैऱ्याला जातात तसेच.

वेचणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. ताटाला बोट लावून अळी ओरबाडायची, बुट्टीतल्या राखेत टाकायची, पुढचं ताट. बोटं हिरवी, चिकट. वास असा की रात्री भाकरी खाववत नाही. दोन ओळी होईतो मागच्या ओळीवर पुन्हा चढलेल्या दिसायच्या. सगळ्यात शेवटी सिद्राम आला आणि बांधावर उभा राहिला, हात मागं बांधून. गुणाबाईनं त्याच्याकडं न बघताच म्हटलं, "भावजी, बांधावर हुबं ऱ्हाऊन बेडूक किडा खात न्हाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तो खाली उतरला.

अमावास्या होईपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी आधी तिच्या शेतात, मग कंदील घेऊन आपापल्या शेतात वेचत होतो. गावात धड उभं राहणारं माणूस उरलं नाही. माझ्या सासऱ्यांचं कंबरेचं दुखणं तेव्हापासूनचं. आणि एवढ्या हातांनी मिळून जे वाचवलं ते काय, तर तिचं निम्म्याहून थोडं अधिक शेत. आमची बाकीच्यांची त्याहून वाईट गत. पत्र्याच्या मांडवाची रक्कम आणि बुडालेलं भात ह्यांची तुलना त्या दिवसांत कुणी मोठ्यानं केली नाही, पण मांडवाखाली भजनाला फारसं कुणी बसायचंही नाही.

मळणी झाली. आप्पांचा शब्द ऐकलेल्या पाचांपैकी तिघे जिवंत होते, तेही आले. गुणाबाईचं भात तिच्या कणगीत ओतलं. कणगी भरली नाही. वर चांगली हातभर रिकामी राहिली. सिद्रामनं नेहमीसारखा कणगीवर हात ठेवला आणि ह्या खेपेला तो उचलला नाही.   गुणाबाई पुढं आली.

"आप्पांचा शब्द हाय," ती म्हणाली. "शेत तुमचं, भावजी. उद्यापासनं करा."

सिद्रामचा चेहरा उजळायला हवा होता. तसा तो उजळतही होता, तेवढ्यात माझे सासरे खाकरले. कंबर धरूनच बसले होते. "एक इचारतो सिद्राम. आमी पैरा बोललो तो गुणाबाईला. शेत तुझं झालं तर आमचा पैरा सुटला न्हवं?"

"व्हय," दुसरा कुणी तरी घाईनं म्हणाला. "मग पुढच्या साली तळीच्या शेतातला किडा तू आनि नागूनं येचायचा. दोघंच."

"तळीत बेडूक वरडंपत्तोर," गुणाबाई म्हणाली. तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. ठरलं होतं तेच तिनं सांगितलं.

सिद्रामनं नागुबाईकडं बघितलं. नागुबाईनं आपले दोन्ही हात पालथे करून त्याच्यापुढं धरले. नखांच्या कडा अजून काळ्या होत्या. तो कणगीत हात घालून भाताची मूठ काढून बघत राहिला, परत आत सोडली, पुन्हा काढली. शेवटी म्हणाला, "औंदा किड्याचं साल. ह्या सालाची कणगी धरायची न्हाय. शेत वैनीचंच ऱ्हाऊ दे."

गुणाबाई तिथंच मातीत बसली आणि रडली, मोठ्यानं, आडपडदा न ठेवता. मीही रडले. तिच्यासाठी रडले, आणि त्या दोन संध्याकाळी आमच्या बांधावर थांबले होते त्यासाठीही.

सिद्रामला बेडकांचा पुळका आला असं मात्र कुणी समजू नये. तो होता तसाच राहिला. पण पुढच्या पावसाळ्यात मष्णू सायकलवरून आला तेव्हा तळीच्या बांधावर सिद्राम काठी घेऊन बसलेला. "इथं न्हाय," म्हणाला. "एक बी न्हाय." मष्णूनं रक्कम वाढवली. सिद्राम उठून उभा राहिला. मग थोडा वेळ दोघं बोलले, आणि जाताना सिद्रामनंच त्याच्याकडून एक ओलं पोतं विकत घेतलं. आत जिवंत बेडूक होते, कुठल्या तरी लांबच्या गावचे. विकताना गावाला जो भाव मिळाला होता, त्याच्या कितीतरी पट त्यानं मोजला. मष्णू हसत होता. "अण्णा, गिऱ्हाईक बदललं की भाव बदलतो." सिद्रामनं पोतं तळीत उपडं केलं आणि रोज संध्याकाळी तिथं राखण बसू लागला. भजनाला जाईना, पत्त्याला जाईना. पोरं त्याला बेडूकराव म्हणायची, मागून.

ते पहिलं साल तळी मुकीच राहिली. किडा थोडा पडला. पुन्हा वेचलं, सगळ्यांनी, शिव्या घालत.

सत्त्याऐंशी साली रेडिओवर बातमी आली की सरकारनं बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवायला बंदी केली. बेडूक नाहीसे होत चाललेत, आणि तंगड्या विकून देशाला मिळतं त्याहून जास्त औषधावर जातं, असं काहीसं कुणी शहाणा माणूस बोलत होता. माझ्या सासऱ्यांनी कंबर चोळत रेडिओचा आवाज बारीक केला. "ह्याला आमच्याकडं येचाय पाठवा," म्हणाले.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी मी तळीच्या वाटेनं चालले होते. सिद्राम रात्रीची राखण करून तिथंच बांधावर गोणपाट पांघरून बसला होता, डोळे तांबारलेले. गुणाबाई कळशी घेऊन आली. दोन वर्षांत मी तिचा चेहरा इतका ताजा बघितला नव्हता.

"भावजी," ती म्हणाली, "घरला जावा. पैरा फिटला."

त्यानं मान वर केली. "दोनचार वरडले म्हनून फिटतो व्हय? म्या सोता ऐकलंय, लई न्हाईत. किती झालेत, बघितलंस का तू?"

"न्हाय बघितलं," गुणाबाई म्हणाली. "काल मला झोप लागली."

 सिद्रामनं गोणपाट झटकलं, काठी तिच्या बांधावर आडवी ठेवली आणि घराकडं चालू लागला.